नापास चालकांची शिकवणी

दहावीच्या परीक्षेत एखादा मुलगा अनुत्तीर्ण झाला, तर तो कोणत्या विषयात आणि किती गुणांनी मागे पडला हे त्याला गुणपत्रिकेवरून कळते. शंका असल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. २०१५ पासून त्याच वर्षी फेरपरीक्षा देण्याची सोयही झाली आहे. त्याची शिकवणी कोण घेणार याची काळजी घर आणि शाळा दोन्ही वाहतात. परंतु चाळिशीतला एखादा गृहस्थ किंवा एखादी गृहिणी वाहन चालविण्याच्या चाचणीत नापास झाली, तर यांपैकी काहीही तिच्या वाट्याला येत नाही. आठचा आकडा काढताना पाय जमिनीला टेकतो, चढावर गाडी बंद पडते, वळताना खूण करायची राहून जाते. निरीक्षक मान हलवतात आणि पुढच्या उमेदवाराचे नाव पुकारले जाते. आपण नापास झालो एवढे त्या व्यक्तीला समजते. का नापास झालो, काय सुधारले म्हणजे उत्तीर्ण होऊ आणि ते कोठे शिकावे, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र तिला बहुधा कोणी देत नाही.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. ज्याला गाडी चालवता येत नाही त्याला परवाना नाकारला, यात बिघडले काय, असे कोणीही विचारील. नाकारण्यात काहीच बिघडलेले नाही. उलट, तसे नाकारणे हेच परिवहन खात्याचे कर्तव्य होय. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सुमारे ४४.५ टक्के होता. अशा देशात चाचणी सैल करा असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. प्रश्न नाकारल्यानंतरचा आहे. नापास झालेला मनुष्य चाचणीच्या मैदानावरून नाहीसा होतो. रस्त्यावरून तो नाहीसा होत नाही. उपजीविकेसाठी ज्याला वाहन लागते, तो एकतर परवान्याविनाच ते चालवू लागतो किंवा मध्यस्थाला पैसे मोजून परवाना मिळवतो. दोन्ही वाटांनी न शिकलेला चालक रस्त्यावर येतो, आणि चाचणीचा हेतूच फसतो.

कायदा काय म्हणतो?

या बाबतीत कायद्याला जाग नाही असे म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या नवव्या कलमानुसार चाचणीत अपयशी ठरलेल्या उमेदवारास सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा अपयश आल्यास शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने या तरतुदीला एक महत्त्वाची जोड दिली. तीनदा नापास झालेल्या उमेदवाराने पुन्हा चाचणीस बसण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेत उपचारात्मक प्रशिक्षण पूर्ण केले पाहिजे, अशी ती अट होय. 'उपचारात्मक अध्यापन' हा शब्द शिक्षकवर्गाच्या चांगल्या परिचयाचा आहे. मागे पडलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा तोच धडा त्याच पद्धतीने न वाचून दाखवता, तो नेमका कोठे अडला ते शोधून तेवढेच शिकवणे, हा त्याचा अर्थ. कायदेमंडळाने हे तत्त्व प्रथमच रस्त्यावर आणले, याचे स्वागतच केले पाहिजे.

त्यापाठोपाठ २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केंद्र सरकारने केले. अशा केंद्राजवळ दुचाकी, तीनचाकी आणि हलक्या वाहनांसाठी किमान एक एकर, तर मध्यम आणि जड वाहनांसाठी दोन एकर जागा असावी; तेथे सिम्युलेटर म्हणजे गाडीचा आभास निर्माण करणारे यंत्र आणि चाचणीचा स्वतंत्र मार्ग असावा; शिकविणारा बारावी उत्तीर्ण असून त्याला वाहन चालविण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, असे हे नियम सांगतात. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत संपविण्याचा असून तो एकूण २९ तासांचा आहे. त्यांपैकी ८ तास तात्त्विक शिक्षणाचे आणि २१ तास प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे. उपचारात्मक आणि उजळणीचे वर्गही याच केंद्रांत मिळावेत, अशी योजना आहे.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. परंतु तिच्यामागचे अर्थशास्त्र तपासले की तिची मर्यादा ध्यानात येते. एक एकर सपाट जमीन, चाचणीमार्ग, सिम्युलेटर आणि पगारी शिक्षक एवढे भांडवल गुंतविणारी संस्था जेथे उमेदवारांचा ओघ मोठा आहे तेथेच जाणार. ती शहराच्या आसपास निघेल, राजमार्गालगत निघेल. समुद्र, डोंगर आणि खाडी यांच्या बेचक्यात वसलेल्या तालुक्यात ती आपण होऊन निघणार नाही. बाजारपेठेचा हा दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. म्हणून कायद्याने घातलेली अट ज्याला पाळायची आहे, त्याला ती पाळता येईल अशी सोय करण्याची जबाबदारी अट घालणाऱ्यावरच येते.

खाडीकाठचे उदाहरण

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील आगरदांडा या गावाकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावर आगरदांडा आणि समोरच्या तीरावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी. दोहोंच्या मध्ये माणसांबरोबर वाहनेही नेणारी फेरीबोट चालते. जंजिरा पाहून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे निघालेले मुंबई-पुण्याचे प्रवासी शनिवार-रविवारी येथे गाड्यांच्या रांगा लावतात. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात या दोन तीरांना जोडणारा पूल आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या बारा औद्योगिक नगरांमध्ये दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचा समावेश आहे. म्हणजे मासेमारी, बागायत आणि पर्यटन यांवर जगणाऱ्या या टापूत उद्या चाकांवरची कामे वाढणार. मालमोटारी, पर्यटकांच्या गाड्या, मिनिडोर, रिक्षा, घरपोच मालाच्या दुचाक्या, या प्रत्येकासाठी परवानाधारक चालक लागणार. ते चालक गावातले असावेत की बाहेरून यावेत, हे पुष्कळसे परवान्यावरच ठरणार आहे.

२०१९ मध्ये व्यावसायिक वाहनांच्या चालकांना असलेली आठवी उत्तीर्णतेची अट केंद्राने काढून टाकली. कमी शिकलेल्या प्रौढांना रोजगाराची वाट मोकळी व्हावी हा तिचा उद्देश होता. परंतु शाळेची अट उठली म्हणून शिकण्याची गरज उठत नाही. उलट, ज्याचा पुस्तकाशी संबंध फार पूर्वी तुटला आहे अशा माणसाला चांगल्या शिकवणीची गरज अधिक भासते.

आगरदांड्याचा उमेदवार ज्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतो ते पेण येथे, म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटरांवर आहे. परिवहन कार्यालये तालुक्यांच्या ठिकाणी ठराविक दिवशी शिबिरे घेतात, त्यामुळे थोडा दिलासा मिळतो. पण शिबिर चुकले तर पुढच्याची वाट पाहणे किंवा पेण गाठणे याला पर्याय उरत नाही. २०१६ च्या अखेरीस ठरलेल्या दरांप्रमाणे वाहन चाचणीचे शुल्क एका वर्गाच्या वाहनासाठी ३०० रुपये आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याला चाचणीची खरी किंमत ती नव्हे. बुडालेला दिवस, एस.टी.चे किंवा मिनिडोरचे जाण्यायेण्याचे भाडे, चाचणीसाठी भाड्याने घ्यावी लागणारी गाडी आणि बरोबर आलेल्या परवानाधारक सोबत्याचाही बुडालेला दिवस, हे सारे जमेस धरले म्हणजे सरकारी शुल्क हा खर्चाचा लहानसा भाग ठरतो. अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात तो हाच. तीनदा नापास होणे म्हणजे हा खर्च तीनदा सोसणे.

काळाचा हिशेबही असाच तंग आहे. शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिन्यांची. ते मिळाल्यापासून पहिले तीस दिवस पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. उरलेल्या पाच महिन्यांत तीन चाचण्या, त्यांच्या मधले दिवस, नंतरची साठ दिवसांची सक्तीची विश्रांती आणि वर प्रशिक्षण बसवायचे, तर मुदत संपून पुन्हा शिकाऊ लायसन्सपासून आरंभ करण्याची पाळी सहज येते. सापशिडीच्या खेळात सापाच्या तोंडी सापडलेल्या सोंगटीसारखी त्या उमेदवाराची गत होते.

मध्यस्थाची कमाई कोठून येते?

अशा वेळी मध्यस्थ पुढे येतो. एजंट म्हणजे भ्रष्टाचार असे समीकरण मांडून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याला गिऱ्हाईक का मिळते हे पाहिले पाहिजे. मारियान बर्ट्रांड, सिमिऑन जांकोव्ह, रेमा हन्ना आणि सेंधिल मुल्लईनाथन या चार अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीतील ८२२ परवानेच्छूंचा अभ्यास करून २००७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उमेदवारांचे त्यांनी तीन गट केले होते. एका गटाला परवाना लवकर मिळविल्यास बक्षीस देऊ केले, दुसऱ्याला वाहन चालविण्याचे मोफत धडे दिले आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. परवाना मिळविणाऱ्यांनी सरासरीने सरकारी शुल्काच्या जवळजवळ दुप्पट रक्कम मोजली होती. पुष्कळांनी कायद्याने आवश्यक असलेली चाचणी दिलीच नव्हती. संशोधकांनी नंतर स्वतंत्रपणे चाचणी घेतली, तेव्हा परवाना खिशात असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना गाडी चालवता येत नसल्याचे आढळले.

त्या अभ्यासातील अधिक बोलका निष्कर्ष असा की, मध्यस्थाविना चाचणीला गेलेल्यांचा निकाल आणि त्यांचे चालविण्याचे कौशल्य यांचा फारसा मेळ बसत नव्हता. जेथे शिकून जाणाऱ्याला शिकल्याचा भरवसा वाटत नाही, तेथे शिकण्यावर पैसे खर्च करणे हा वेडेपणा आणि मध्यस्थावर खर्च करणे हा शहाणपणा ठरतो. मध्यस्थ विकतो तो परवाना नव्हे. तो अनिश्चितता दूर करून देतो. नापास होण्याचे कारण उमेदवाराला कळत नाही, हेच त्याचे खरे भांडवल. दिल्लीतील तो अभ्यास आता जुना झाला आहे, पुष्कळसे कामकाज संगणकावर गेले आहे, काही शहरांत संवेदक बसविलेल्या स्वयंचलित मार्गांवर चाचणी होते आणि तेथे प्रत्येक चूक नोंदली जाते. तरीही धडा तोच राहतो. निकाल जितका पारदर्शक आणि शिकवणी जितकी जवळ, तितका मध्यस्थ निरुपयोगी.

परवान्याविना वाहन चालविणाऱ्याची वाट तर याहून धोक्याची. २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेला. पण दंडापेक्षा अपघाताची टांगती तलवार मोठी असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्ण सिंह खटल्यात दिलेल्या निर्णयाचा मथितार्थ असा की, अपघातग्रस्त त्रयस्थाला विमा कंपनीने भरपाई द्यावी. पण वाहनमालकाने परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिल्याचा दोष सिद्ध झाला, तर ती रक्कम कंपनीने मालकाकडून वसूल करावी. जखमी माणसाला यामुळे न्याय मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण एका रिक्षेवर किंवा एका टेम्पोवर ज्याचा संसार चालतो, त्याच्या घरावर अशा वसुलीने नांगर फिरू शकतो. चाचणीत नापास होण्याची किंमत अशी कधी कधी पुष्कळ उशिरा आणि पुष्कळ मोठी चुकवावी लागते.

तारेवरून काय शिकवता येते?

आता प्रश्न येतो तो दूरशिक्षणाचा. महाराष्ट्रात जून २०२१ पासून शिकाऊ लायसन्स घरबसल्या मिळू लागले. आधार क्रमांकाने ओळख पटवायची, रस्ता-सुरक्षेची चित्रफीत पाहायची आणि संगणकावर किंवा मोबाइलवर प्रश्न सोडवायचे. साठ टक्के उत्तरे बरोबर आली की शिकाऊ लायसन्स हाती पडते. शिकण्याआधीच्या परीक्षेसाठी जे तंत्र चालते, ते नापास झाल्यानंतरच्या शिकवणीसाठी का चालू नये, हा विचार साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर उत्साहाच्या भरात देऊन चालणार नाही. पडद्यावरून क्लच शिकवता येत नाही. पाय किती उचलला म्हणजे गाडी धक्का न देता निघते, हे पायालाच कळावे लागते. पोहणे पुस्तकावरून येत नाही हे खाडीकाठच्या माणसाला सांगण्याची गरज नाही.

परंतु चाचणीत नापास होणारा प्रत्येक उमेदवार हातापायांमुळे नापास होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील पंधराव्या नियमात चाचणीत काय काय पाहावे याची यादीच दिली आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी आरसे नीट करणे, वेळेवर आणि योग्य खुणा करणे, मागून-पुढून येणाऱ्या वाहनांचे भान ठेवून वळणे, सुरक्षितपणे पुढे जाणे, चढावर थांबून गाडी मागे न घसरू देता पुन्हा निघणे, गाडी मागे घेणे अशा गोष्टी तीत आहेत. यांपैकी शेवटच्या दोन अंगवळणी पाडाव्या लागतात. पण आधीच्या पुष्कळशा गोष्टी पाहण्याच्या, आठवण्याच्या आणि अंदाज बांधण्याच्या आहेत. मूरंट आणि रॉकवेल या अमेरिकन संशोधकांनी १९७२ मध्येच दाखवून दिले होते की, नवशिक्या चालकाची नजर गाडीच्या नाकासमोर घोटाळते, तर अनुभवी चालक दूरवर पाहतो आणि आरशांवरून नजर फिरवीत राहतो. नजरेची ही सवय पडद्यावर लावता येते. ब्रिटनने २००२ पासून चालकांच्या परीक्षेत अशा चित्रफितींचा समावेश केला. चालकाच्या जागेवरून घेतलेली दृश्ये उमेदवाराला दाखवितात आणि धोका उद्भवू लागताच त्याने कळ दाबायची असते. ज्या देशात १९३५ पासून चाचणी सक्तीची आहे आणि आजही ती देणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी लोक उत्तीर्ण होतात, त्या देशालाही केवळ मैदानावरची चाचणी पुरेशी वाटली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

ब्रिटनच्या रस्त्यांची दृश्ये मुरूडच्या माणसाच्या काय कामाची? त्याला दाखवायला हवीत ती त्याच्याच वाटेवरची. पहिल्या पावसात निसरडा झालेला घाटाचा उतार, अरुंद वळणावर समोरून आलेली एस.टी., पहाटेच्या अंधारात मासळीच्या पाट्या घेऊन कडेने निघालेल्या बायका, रस्त्यात बसलेली गुरे, किनारा दिसताच अचानक थांबणारी पाहुण्यांची मोटार. आगरदांड्याच्या धक्क्यावरचे एक दृश्यही त्यांत असावे. फेरीबोटीत गाडी चढविताना उतारावर, खुणा करणाऱ्या माणसाच्या इशाऱ्यावर, इंचाइंचाने ती पुढेमागे घ्यावी लागते. नियमात सांगितलेली चढावरची आणि मागे घेण्याची चाचणी येथे रोजच्या जगण्याचा भाग आहे. ज्याने तो धक्का पाहिला आहे, त्याला ही कौशल्ये केवळ परीक्षेसाठी नाहीत हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून २९ तासांच्या अभ्यासक्रमाची विभागणीच मार्गदर्शक मानावी. आठ तास तारेवरून जाऊ शकतात. एकवीस तास जाऊ शकत नाहीत. आठ तासांसाठी उमेदवाराने शंभर किलोमीटर हेलपाटे घालू नयेत आणि एकवीस तासांच्या ऐवजी कोणी त्याच्या हाती चित्रफीत टेकवू नये, असा याचा अर्थ.

आक्षेप आणि उपाय

घरबसल्या होणाऱ्या परीक्षेत उमेदवाराऐवजी दुसराच बसतो, अशा तक्रारी झाल्या आहेत. मग शिकवणीतही तेच होणार, हा पहिला आक्षेप. त्यात तथ्य आहे. पण लबाडी शिकवणीमुळे होत नसून प्रमाणपत्राच्या किमतीमुळे होते. ज्या कागदावर परवाना मिळतो त्यासाठी तोतया बसवणे किफायतशीर ठरते. आपल्याऐवजी दुसऱ्याला शिकायला पाठवून मात्र कोणाचाच फायदा होत नाही. तेव्हा उपचारात्मक वर्गाच्या प्रमाणपत्राने पुन्हा चाचणीला बसण्याचा हक्क तेवढा मिळावा. चाचणीतून सूट मिळू नये. मान्यताप्राप्त केंद्राचा पूर्ण अभ्यासक्रम उत्तीर्ण होणाऱ्याला परिवहन कार्यालयातील चाचणी माफ आहे. तीनदा नापास झालेल्याच्या बाबतीत अशी सवलत घातक ठरेल.

दुसरा आक्षेप साधनांचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मुरूड-श्रीवर्धन भागातील अनेक गावे दीर्घकाळ विजेविना होती आणि दूरध्वनीही मुके झाले होते. तारेवर किती विसंबावे याचा तो धडा होता. शिवाय प्रत्येकाजवळ चांगला फोन असतोच असे नाही, आणि असला तरी तो घरातल्या मुलाच्या हाती असतो. म्हणून हे वर्ग एकेकट्याच्या फोनवर न सोडता गावातील शाळेत, वाचनालयात किंवा संगणक केंद्रात संध्याकाळी घ्यावेत. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लहान लहान गावांत संगणक केंद्रे उभी केली आणि पन्नाशीतल्या कारकुनांना, शिक्षकांना कळफलकासमोर बसवले. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढांना पुन्हा वह्या-पुस्तके धरायला लावली. प्रौढांना दुरून शिकविण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. तो रस्त्याच्या बाबतीत वापरायचा राहिला आहे, एवढेच.

तिसरा आक्षेप खर्चाचा. नापास झालेल्याच्या शिकवणीचा भार इतरांनी का उचलावा? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात सापडते. ज्या वस्तूचा लाभ विकत घेणाऱ्याबरोबर तिऱ्हाइतालाही मिळतो, ती निव्वळ बाजारावर सोपवली तर गरजेपेक्षा कमी विकत घेतली जाते. चालक चांगला शिकला, तर त्याचा फायदा रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलाला, सायकलवरच्या पोस्टमनला आणि समोरून येणाऱ्या एस.टी.तील पन्नास उतारूंना मिळतो. त्या सर्वांनी मिळून, म्हणजे शासनाने, त्याच्या शिकवणीचा काही भाग उचलावा हे दान नव्हे. तो स्वतःच्या सुरक्षिततेचा हप्ता होय.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला म्हणजे चाचणीनंतर प्रत्येक नापास उमेदवाराला मराठीत एक चिठ्ठी मिळावी. नियमातील यादी छापून, जेथे चूक झाली तेथे निरीक्षकाने खूण करावी. एवढे झाले तरी शिकवणी कशाची घ्यायची हे ठरेल आणि निरीक्षकालाही आपल्या निर्णयाचे उत्तरदायित्व राहील. दुसरा, मान्यताप्राप्त केंद्रांनी तात्त्विक आठ तास स्थानिक दृश्यांसह मराठीत दुरून शिकवावेत आणि चिठ्ठीवरील दोषांप्रमाणे त्यांतील धडे निवडावेत. तिसरा, परिवहन शिबिराच्या आदल्या दिवशी तालुक्यातील एखादे कठीण जमिनीचे मैदान सरावासाठी खुले करावे. तेथे चुन्याने मार्ग आखावेत आणि दुहेरी नियंत्रणाची, म्हणजे शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असलेली मोटार उपलब्ध असावी. दुचाकीच्या उमेदवारांसाठी तर हा सराव अधिकच गरजेचा आहे. कारण मोटारीसाठी निदान ड्रायव्हिंग स्कूल असते, दुचाकी मात्र बहुतेक लोक भावाकडून, मित्राकडून किंवा पडत-धडपडत शिकतात. चौथा, किती उमेदवार पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले आणि किती जण नंतर परतलेच नाहीत, याचे आकडे प्रत्येक कार्यालयाने वर्षातून एकदा जाहीर करावेत. जे परत येत नाहीत ते जातात कोठे, हा प्रश्न त्या आकड्यांमुळे तरी विचारला जाईल.

दक्षिण कोरियातील चा सा-सून या भाजीविक्रेत्या वृद्धेची हकिकत काही वर्षांपूर्वी जगभर गाजली. लेखी परीक्षेत ९४९ वेळा नापास होऊन २००९ मध्ये ९५० व्या प्रयत्नात ती उत्तीर्ण झाली आणि पुढच्या वर्षी, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तिला परवाना मिळाला. तिच्या चिकाटीचे कौतुक झाले ते योग्यच होते. पण एका बाईला ९५० वेळा खेपा घालायला लावणाऱ्या व्यवस्थेला, मधल्या काळात तिला काय समजत नाही हे नेमके शोधून शिकवावेसे वाटले असते, तर तिची कितीतरी वर्षे वाचली असती. चिकाटी हा माणसाचा गुण आहे. तिच्यावर विसंबून राहणे हे धोरण होऊ शकत नाही. शिवाय सगळेच तिच्याइतके चिवट नसतात. बहुतेक जण तिसऱ्या अपयशानंतर घरी बसतात किंवा आडवाटेला लागतात. स्त्रियांच्या बाबतीत तर पहिल्याच अपयशानंतर 'तुला कशाला हवी गाडी' असे ऐकवणारे घरातच भेटतात, आणि तिच्या नोकरीची, व्यवसायाची, दूरच्या दवाखान्यात मुलाला स्वतः घेऊन जाण्याची वाट तेथेच बंद होते.

पंचवीस-तीस वर्षांत आगरदांड्याच्या खाडीवर पूल उभा राहिलेला असेल आणि दिघीच्या बंदरातून मालाच्या गाड्या रात्रंदिवस धावत असतील. त्या रस्त्यावर स्थानिक माणूस सुकाणू धरून बसलेला असेल की कडेला उभा राहून इतरांच्या गाड्या मोजत असेल, याचा निर्णय पुलाच्या खांबांइतकाच आज नापास होणाऱ्याच्या शिकवणीवर अवलंबून आहे. कायद्याने उपचारात्मक प्रशिक्षण हा शब्द उच्चारला आहे. तो शब्द सत्तर-ऐंशी किलोमीटर अलीकडे, उमेदवाराच्या गावापर्यंत पोहोचविण्याचे काम परिवहन खात्याचे आहे, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रारंभ एका छापील चिठ्ठीने करता येईल.